इरॉस, हिमेरॉस, पोथॉस: तिघांना वेगळं कसं दाखवायचं, आणि मातीचे पंख कसे टिकवायचे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ग्रीक प्रेमदेवांच्या तीन उडत्या मूर्ती करायच्या आहेत. भाजलेली लाल माती, खानापूरचीच. प्रत्येकी ३० सेंमी, छतापासून टांगायच्या.

इरॉस, हिमेरॉस आणि पोथॉस हे तिघे ठरलेत. अडचण अशी की नेटवर शोधलं तर तिघांच्या नावावर एकच गुबगुबीत पोरगं आणि हातात धनुष्य. कोण कुठला हे ओळखायचं कसं? धनुष्य कुणाला द्यायचं? वय किती? अँटेरॉस म्हणून चौथाही आहे म्हणतात, तो घ्यावा का?

दुसरं, पंख. वाळताना बरोबर खांद्यापाशी तडा जातो. यावर उपाय सांगा. शिवाय प्रत्येक मूर्तीखाली पाटीवर दोन-तीन ओळी लिहायच्या आहेत, त्याला जुन्या कवितेतला पक्का आधार हवाय.

---

अथणी_वाचनकट्टा

आधी शतक ठरवा, मूर्ती नंतर. ग्रीक प्रेमदेवाचं रूप सात-आठशे वर्षांत इतकं बदललंय की 'ग्रीक इरॉस' म्हणून एक चित्र काढताच येत नाही. नेटवर दिसणारं गुबगुबीत पोर हे बरंच उशिराचं, ग्रीक उत्तरकाळातलं आणि रोमनांनी उचललेलं.

होमरकडे इरॉस हा देवच नाही, ती नुसती ओढ आहे. हेसिऑडच्या 'थिऑगनी'त (साधारण इ.स.पू. ७००) तो देव झाला, आणि तोही थेट सृष्टीच्या आरंभीचा. केऑस (आदिपोकळी), पृथ्वी, टार्टारस (पाताळ) यांच्या बरोबरीने तो येतो, आई-बाप कोणी नाहीत. पंखांचा तिथे उल्लेख नाही. पुढे प्रेमाची देवी ॲफ्रोडायटी जन्मली तेव्हा इरॉस तिच्यासोबत चालला आणि देखणा हिमेरॉस मागोमाग गेला, असं त्याच काव्यात आहे. म्हणजे हिमेरॉस पहिल्यापासून तिच्या लवाजम्यातला. त्याचं घर ऑलिंपसवर, म्युझ या कलादेवतांच्या शेजारी, हेही हेसिऑडच सांगतो. पोथॉस मागाहून आला. इस्किलसच्या 'सप्लायंट्स' नाटकात तो पाइथोबरोबर (ही मन वळवण्याची देवता) ॲफ्रोडायटीच्या सोबतीला आहे.

दोघांतला फरक प्लेटोच्या 'क्रॅटिलस'मध्ये सरळ दिलाय: माणूस समोर असताना जी ओढ वाटते ती हिमेरॉसची, तो दूर असताना वाटते ती पोथॉसची. पाटीसाठी हे पुरे.

इरॉसच्या पाटीला कवितांचा तोटा नाही. सॅफो म्हणते, डोंगरावरच्या ओक झाडांवर वारा तुटून पडावा तसं इरॉसने मन हलवलं. ॲनाक्रिऑनचा इरॉस लोहार आहे: मोठ्या कुऱ्हाडीने घाव घालतो आणि हिवाळ्यातल्या ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवतो. यातल्या कुठल्याच कवितेत बाण नाही, हे बघून ठेवा. सोनेरी पंखांचं ठळक वर्णन हवं असेल तर ॲरिस्टोफेनीसचं 'बर्ड्स' (इ.स.पू. ४१४) घ्या. रात्रीने अंडं घातलं आणि त्यातून सोन्याच्या पंखांचा इरॉस निघाला. पण ते प्रहसन आहे आणि पक्षी स्वतःचं घराणं देवांहून जुनं म्हणून मिरवतायत, तेव्हा पाटीवर 'ग्रीक पुराणानुसार' असं ठोकून देऊ नका.

आई-बाप विचारणारा प्रेक्षक हमखास भेटणार. एकच उत्तर नाही. कवी अल्कायस म्हणतो इंद्रधनुष्याची देवी आयरिस आणि पश्चिम वारा झेफिरस, कवी सायमनिडीस म्हणतो ॲफ्रोडायटी आणि युद्धदेव एरीस, प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये डायोटिमा सांगते की बाप पोरॉस आणि आई पेनिया, म्हणजे युक्ती आणि दारिद्र्य. पाटीवर पालकांचं नावच घालू नये.

---

टिळकवाडी_चित्रशाळा

वरचं सगळं बरोबर. आता चित्रांकडे या, कारण मूर्ती कवितेवरून होत नाही.

तुमच्या तिघांसाठी तयार नमुना आहे. ब्रिटिश म्युझियममधलं 'सायरन भांडं', अथेन्समध्ये घडलेलं, इटलीत व्हल्ची इथे सापडलेलं, साधारण इ.स.पू. ४८०-४७०. पुढच्या बाजूला डोलकाठीला बांधलेला होमरचा नायक ओडिसियस आणि सायरनी (गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या पक्षीरूप बायका), ती बाजू सगळ्यांना माहीत असते. मागच्या बाजूला तीन पंखवाले तरुण समुद्रावरून उडताना. एकाजवळ लांब फीत, एकाजवळ वेल, एकाजवळ ससा. नाव लिहिलंय ते फक्त हिमेरॉसचं. बाकीच्यांना नुसतं 'कालोस', म्हणजे देखणा.

यावरून दोन गोष्टी घ्या. एक, तिघांचे चेहरे, केस, पंख सारखेच आहेत. ग्रीक चित्रकाराने त्यांना रूपाने वेगळं केलंच नाही. नाव लिहिलं तर कळतं, नाही लिहिलं तर 'इरॉटीस', म्हणजे इरॉसांचा घोळका, एवढंच म्हणायचं. मेडियस चित्रकाराच्या फ्लॉरेन्समधल्या पाण्याच्या घड्यावर (इ.स.पू. ४१०च्या आसपास) ॲफ्रोडायटीचा रथ दोन पंखवाले ओढतात. ते हिमेरॉस आणि पोथॉस आहेत हे शेजारच्या अक्षरांमुळेच कळतं. तेव्हा तुम्हीही नावं कोरा, उगाच एकाला रडका आणि एकाला हसरा करू नका.

दोन, वय. इ.स.पू. पाचव्या शतकात तो १५ ते १८चा सडपातळ मुलगा आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर ॲफ्रोडायटीच्या गुडघ्याला टेकून छत्री धरलेला इरॉस आहे, तो जरा लहान, पण तोही बाळ नव्हे. बाळ झाला तो अलेक्झांडरनंतर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला ब्राँझचा झोपलेला इरॉस बघा, लांबी सुमारे ८५ सेंमी, मांडीला वळ्या, पंख बाजूला पडलेले. सायरन भांड्याचा नमुना घेऊन वर बाळाचं डोकं बसवलंत तर जाणकाराला पहिल्या नजरेत खटकेल.

धनुष्याचं म्हणाल तर पाचव्या शतकाच्या आरंभी ते अगदी क्वचित. फोर्ट वर्थच्या किंबेल म्युझियममध्ये ब्रायगॉस चित्रकाराच्या नावावरची एक तेलाची कुपी आहे (इ.स.पू. ४९०-४८०), तिच्यावर इरॉस नेम धरून उडतोय. ती लक्षात राहते ती तशी दुसरी फारशी नाहीत म्हणूनच. साहित्यात बाण नाटककार युरिपिडीसपासून ठळक होतात आणि तिसऱ्या शतकात अपोलोनियसच्या काव्यात इरॉस राजकन्या मेडियाच्या काळजात बाण मारतो तिथे ते पक्के झाले. शिल्पात चौथ्या शतकात लिसिपसने धनुष्याला दोरी चढवणारा इरॉस केला, त्याच्या रोमन नकला आज सगळीकडे दिसतात. त्याआधी इरॉसच्या हातात ससा, फुलमाळ, फीत, वीणेसारखं वाद्य, कधी चाबूक. ससा का, तर प्रेमाची भेट म्हणून तो देत असत.

पंख काढताना एक बारकावा. काळ्यावर लाल आकृतीच्या भांड्यांवर खांद्याजवळचा भाग ठिपक्यांनी किंवा खवल्यांनी भरतात, मग एक-दोन आडव्या रेघा, मग लांब पिसांच्या समांतर रेघा टोकापर्यंत. लांब पिसं सरळ नसतात, टोकाशी किंचित वर वळतात. मातीत खवले कोरून काढा, चिकटवू नका.

आणि अक्षरं ग्रीकमध्ये कोरणार असाल तर सायरन भांड्याच्या काळात अथेन्सवाले इरॉसमधला 'ओ' ओमेगाने लिहीत नव्हते, ओमिक्रॉनने लिहीत. ओमेगा तिथे सरकारी लिपीत इ.स.पू. ४०३ नंतर.

---

निपाणी_०७

अँटेरॉस घ्या की. नाकारलेल्या प्रेमाचा सूड घेणारा देव, लोकांना गोष्ट आवडेल.

---

अथणी_वाचनकट्टा

@निपाणी_०७, सूडाची बाजू खरी, पण अर्धी. प्रवासवर्णनकार पॉसेनियसने (इ.स. दुसरं शतक) अथेन्समधल्या वेदीची हकीगत दिलीय. टिमागोरस हा अथेन्सचा नागरिक नव्हता, तिथे येऊन राहिलेला. मेलिस नावाच्या अथेन्सकर मुलावर त्याचं प्रेम. मुलाने चेष्टेने सांगितलं, जा, कड्यावरून उडी टाक. त्याने टाकली. मग मेलिसला पश्चात्ताप झाला आणि त्यानेही तिथूनच जीव दिला. तेव्हापासून बाहेरून येऊन राहिलेले लोक अँटेरॉसला टिमागोरसचा कैवारी मानून पुजायला लागले.

पण त्याच पॉसेनियसने एलिसच्या व्यायामशाळेतलं शिल्पही सांगितलंय. तिथे इरॉसच्या हातात खजुराची फांदी आणि अँटेरॉस ती हिसकावतोय. तिथे सूड नाही, चुरस आहे. आणि प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये तो म्हणजे प्रेम करणाऱ्याला उलट मिळणारं प्रेम, आरशात दिसावं तसं.

म्हणून अँटेरॉस एकटा टांगला तर कळत नाही. घ्यायचाच असेल तर इरॉससोबत जोडीने, मध्ये एकच फांदी. पण तसं केलं तर पोथॉसला काढावं लागेल, नाहीतर चौघांत कोण कुणाकडे बघतोय याचा गोंधळ होतो. माझं मत, सायरन भांड्याचे तीन पुरेत.

---

चाक_भट्टी

मूर्तिशास्त्र झालं, आता माती.

उडते इरॉस टांगायची कल्पना ग्रीकांचीच आहे. मायरिना म्हणून गाव, आजच्या तुर्कस्तानात इझमीरच्या उत्तरेला. तिथल्या थडग्यांतून १८८०-८२ साली फ्रेंचांनी ढिगाने मातीच्या मूर्ती काढल्या, त्यात उडते इरॉस भरपूर. धड साच्यातून, दोन भागांत. आतून पोकळ. हात, डोकं, पंख वेगळे करून जोडलेले. पुष्कळ मूर्तींच्या पाठीत पंखांच्या खाचा शिल्लक आहेत आणि पंख हरवलेत. म्हणजे तुमचं दुखणं जुनंच आहे.

तडा का जातो? पंख पातळ, धड जाड. पंख आधी वाळतो, आधी आकसतो, धड अजून ओलं असल्याने तेवढं आकसत नाही. ओढ सगळी जोडावर येते. म्हणून उपाय जोडाला माती थापण्यात नाही, दोघांना एका गतीने वाळवण्यात आहे.

मातीत भाजलेल्या मातीचा बारीक चुरा १५ ते २० टक्के मिसळा. आकसणं कमी होतं आणि आतली वाफ निघायला वाट मिळते. तरी एकूण ८-१० टक्के आकसणार धरा. १० टक्के धरलं तर ३० सेंमीच्या मूर्तीला साचा ३३ सेंमीचा लागतो. नुसता ३० चा केला तर हातात २७ ची मूर्ती येईल. चुरा घातल्यावर एक पट्टी करून त्यावर १० सेंमीची खूण मारा, भाजून मोजा, मग साच्याचं माप नक्की करा.

धडाची जाडी ६-८ मिमी, सगळीकडे सारखी. डोकं आणि मांड्या भरीव ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, भट्टीत फुटतात त्या त्याच. पाठीत ३-४ मिमीचं भोक ठेवा, आतली हवा आणि वाफ जायला. पंख मुळाशी ८ मिमी, टोकाशी ४-५. टोक याहून पातळ केलं तर भाजताना मुरडतं.

जोडायची वेळ महत्त्वाची. दोन्ही भागांवर नखाचा वळ उमटावा पण बोट रुतू नये, अशा अवस्थेत जोडा. एक मऊ आणि एक घट्ट असेल तर कितीही मातीची रबडी लावा, सुटणारच. दोन्हीकडे आडव्या-उभ्या खोल रेघा मारा, त्याच मातीची दाट रबडी, दाबून थोडं हलवा म्हणजे हवा जाते, मग भोवती बारीक वळी दाबून निपटा. पंखाखाली वर्तमानपत्राचे बोळे किंवा वाळूची पुरचुंडी आधाराला. फोमही चालतो, पण भट्टीत घालण्याआधी आठवणीने काढा, जळताना घाण धूर सोडतो.

मग पंखांची टोकं ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिक. धड उघडं. दोन-तीन दिवसांनी फडकं काढा, प्लॅस्टिक सैल ठेवा. एकूण आठ-दहा दिवस. आता पावसाळ्यात करत असाल तर खानापूरच्या हवेत हे दिवस दुप्पट धरा. वरून पांढरट दिसली तरी आत ओल असते. गालाला लावून बघायची, गार लागली तर अजून पाणी आहे.

भाजताना १२० अंशांपर्यंत अगदी सावकाश, तिथे दोन-तीन तास. मग ताशी १०० अंशाच्या आत ६०० पर्यंत, कारण ५७३ ला मातीतली गारगोटी (क्वार्ट्झ) फुगते आणि घाई केली तर बारीक चिरा पडतात. शेवट ८५० ते ९०० अंश. उतरतानाही तेच ५७३ लागतं, म्हणून झाकण १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडायचं नाही. लाकडाची भट्टी असेल तर मूर्ती ज्वाळेच्या वाटेत ठेवू नका. एका अंगाने पंख आधी तापतो आणि तुटतो.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. मग ससा इरॉसला, फीत हिमेरॉसला, वेल पोथॉसला असं ठरवू का? आणि @चाक_भट्टी अण्णा, मायरिनासारखे पंख वेगळे भाजून बसवले तर? बेळगावपर्यंत न्यायचेत, रस्त्याची भीती वाटूलाय.

---

टिळकवाडी_चित्रशाळा

चालेल. फक्त पाटीवर 'सशावरून इरॉस ओळखावा' असं लिहू नका. वस्तू त्यांच्या ठरलेल्या नाहीत, तुम्ही वाटून दिल्यात. 'नमुना: सायरन भांडं, वस्तूंची वाटणी आमची' एवढं लिहिलं की कोणी बोट ठेवणार नाही.

पोथॉससाठी नेटवर एक संगमरवरी मूर्ती सापडेल, पाय एकावर एक टाकून खांबाला रेललेला, पायाशी हंसासारखा पक्षी. ती शिल्पकार स्कोपासच्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मूर्तीची नक्कल मानतात. सुंदर आहे, पण तो उभा आहे, उडत नाही. तिची ढब टांगत्या मूर्तीला लावली तर पोरगं अधांतरी टेकल्यासारखं दिसेल. स्कोपासने मेगारात इरॉस, हिमेरॉस आणि पोथॉस अशा तीन मूर्ती केल्या होत्या हे पॉसेनियस सांगतो. तुमची तिघांची निवड त्यामुळे अस्सल ठरते, हे पाटीवर जरूर घाला.

---

चाक_भट्टी

पंख वेगळे भाजा, तेच शहाणपणाचं. पंखाच्या मुळाला २.५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद जीभ ठेवा. पाठीत खाच कापा, प्रत्येक बाजूने १ मिमी मोकळी. धड आणि पंख एकाच मळलेल्या मातीचे आणि एकाच भट्टीत हवेत, नाहीतर आकसणं कमीजास्त होऊन जीभ खाचेत जाणार नाही. खाच भिंतीच्या आरपार जाते म्हणून आतून मातीची पट्टी लावून तिथली जाडी १२ मिमी करा. डाव्या-उजव्यावर खुणा कोरा, भाजल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तिथे पोचल्यावर दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा, आणि २४ तास टांगू नका.

टांगायची भोकं ओल्या मातीतच पाडा, कडा ओल्या बोटाने गोल करा. भाजलेल्या मातीची धारदार कड नायलॉनचा दोरा हळूहळू कापते, आणि मूर्ती आठवड्याने पडते. भोकात प्लॅस्टिकची बारीक नळी घातली तर अजून बरं. पंखांचं वजन मागे असल्याने एका दोऱ्यावर मूर्ती आकाशाकडे तोंड करते. खांद्यांवर दोन आणि कमरेमागे एक अशी तीन भोकं घ्या. ती कुठे हवीत हे भाजण्याआधी बघायचं: कोरडी मूर्ती आणि पंख फडक्याच्या झोळीत तोलून तोल कुठे येतो ते खूण करा, भोकं मात्र पुढच्या मूर्तीला. पहिली मूर्ती चाचणीचीच समजा.

रंगाला चकाकी नको. ग्रीक आधी पांढरा मातीचा हात देत आणि भाजल्यावर वर रंग. गुलाबी, निळा, कुठे सोन्याचा वर्ख. आज पांढऱ्यावर पातळ ॲक्रिलिक चालेल.

---

अथणी_वाचनकट्टा

एक राहिलं. आपल्याकडे होळीला कामण्णा जाळतात, तेव्हा येणारे निम्मे लोक 'हा ग्रीक कामण्णा' म्हणणार. शेजारी छोटी तुलना ठेवा, पण नीट. मदनाकडे उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी, पाच फुलांचे बाण, ध्वजावर मकर. पंख नाहीत. त्याला शिवाने जाळलं आणि तो अनंग झाला, तसं इरॉसचं काही होत नाही. दोघांनाही बाण आहेत एवढ्यावरून एकाने दुसऱ्याकडून घेतला असं लिहू नका.

पंखांबाबत बदामीच्या लेण्यांतले विद्याधर दाखवा, फोटो सहज मिळतील. आपल्या शिल्पकाराने उडणं दाखवायला पंख लावलेच नाहीत. गुडघ्यात दुमडून मागे टाकलेले पाय आणि मागे उडणारा शेला, बस्स. विद्याधर आणि सायरन भांडं असे दोन फोटो शेजारी लावले की प्रेक्षक आपोआप तुमच्या मूर्तींच्या पायांकडे बघतील. सायरन भांड्यावरच्यांचे पाय मागे लांब सरळ आहेत, पोहणाऱ्यासारखे. ते वाकवू नका.

---

टिळकवाडी_चित्रशाळा

त्यात एवढंच जोडतो की टांगताना मूर्तीचा चेहरा १५-२० अंश खाली झुकवा आणि पाय जमिनीपासून २ मीटरच्या आत ठेवा. याहून वर गेल्या तर खालून फक्त तळपाय आणि भोकं दिसतात, आणि खवल्यांची सगळी मेहनत वाया.